एअर रायफलीची हवा, रेग्युलेटर आणि वेग : कोल्हापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी काही मोठा नेमबाज नाही. उद्यमनगरात लेथवर उमेदीची वर्षं गेली, पुढं मुलीच्या नादानं एअर रायफलीत हात घातला, आणि आता रविवारी सकाळी चहा व्हायच्या आत कुणीतरी रायफलीची बॅग घेऊन दारात उभं असतं. येणारा प्रत्येक जण तेच चार-पाच प्रश्न वेगवेगळ्या सुरात विचारतो. म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. हे सगळं १० मीटरवरच्या, सिलिंडरमधल्या दाबाच्या हवेवर चालणाऱ्या मॅच रायफलीबद्दल आहे. नळी मोडून भरायच्या स्प्रिंगच्या एअरगनला यातलं फारसं लागू पडत नाही.

रेग्युलेटर म्हणजे नेमकं काय? सिलिंडरवर गेज तर आहेच की.

गेज फक्त दाब दाखवतं. रेग्युलेटरचं काम तुम्हाला स्वयंपाकघरात बघायला मिळेल. गॅसची टाकी नवी असो वा संपत आलेली, शेगडीची ज्योत तेवढीच राहते, कारण मधे रेग्युलेटर बसलेला असतो. रायफलीतही तेच. सिलिंडरमध्ये २०० बार (बार हे दाबाचं माप) असोत नाहीतर १००, छऱ्यामागच्या छोट्या कप्प्यात हवा ठरलेल्याच दाबानं जाते. हा दाब भरलेल्या सिलिंडरच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असतो.

उघडून बघितलात तर आत फार काही नसतं. एक बोटाच्या पेरापेक्षा लहान पिस्टन, त्यावर वाटीसारख्या बाकदार वायसरींची चळत, दोन-तीन ओ-रिंगा (हवा अडवणारी रबरी कडी) आणि एक बसका, म्हणजे ज्यावर टेकून हवेचं तोंड बंद होतं ती जागा. कप्प्यात दाब पुरेसा झाला की पिस्टन त्या वायसरी दाबत मागं सरकतो आणि बसक्यावर तोंड बंद करतो. शॉट सुटला की कप्पा रिकामा होतो, वायसरी पिस्टनला पुन्हा ढकलतात, तोंड उघडतं, कप्पा भरतो. साठ शॉटची मॅच म्हणजे हा खेळ साठ वेळा, वर सरावाचे शॉट वेगळे.

मग छऱ्याचा वेग रेग्युलेटर ठरवतो का?

अर्धा. उरलेला अर्धा हॅमर ठरवतो. ट्रिगर दाबला की स्प्रिंगवरचा हॅमर पुढं जाऊन व्हॉल्व्हच्या दांडीवर आपटतो, व्हॉल्व्ह क्षणभर उघडतो, कप्प्यातली हवा छऱ्यामागं जाते. हॅमर जोरात आपटला तर व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा राहतो. बाहेरून जो वेगाचा स्क्रू दिसतो, तो बहुतेक रायफलींत या हॅमरच्या स्प्रिंगचा ताण कमी-जास्त करतो. रेग्युलेटरचा दाब बदलायचा तर तो वेगळाच कारभार आहे आणि तो घरी करायचा नाही.

वेग किती ठेवावा? आमचे एक मित्र म्हणतात, जितका जास्त तितका चांगला.

मित्राला चहा पाजा आणि विषय बदला.

मॅच रायफलीचा वेग सेकंदाला साधारण १६५ ते १७५ मीटर असतो. छर्रा ०.५३ ग्रॅमचा धरला तर १७० ला त्याची ऊर्जा साडेसात ज्यूलच्या थोडी वर जाते. एवढ्यात कागद फाटतो, आणि आपल्याला तेवढंच करायचं असतं. वेग वाढवून मार्क मिळत नाहीत. उलट आवाज वाढतो, धक्का वाढतो, सिलिंडर लवकर रिता होतो.

महत्त्व आहे ते दर शॉटला तोच वेग मिळण्याला. हिशेब करून बघू. १७० च्या वेगानं छर्रा १० मीटर जायला ०.०५९ सेकंद घेतो आणि तेवढ्यात सुमारे १७ मिलिमीटर खाली येतो. हा खालचा हिशेब आपण साइट (नेम धरायची सोय) लावताना धरलेलाच असतो. पुढचाच शॉट १७३ नं गेला तर तो १६.४ मिलिमीटर खाली येतो, म्हणजे आधीच्यापेक्षा ०.६ मिलिमीटर वर लागतो. टार्गेटवर मार्काच्या एका दशांशाची पट्टी पाव मिलिमीटरची. म्हणजे तीन मीटरच्या फरकानं दोन दशांश गेले. हाच फरक १० मीटरचा झाला, १७० वरून १६० वर आला, तर छर्रा दोन मिलिमीटरहून जास्त खाली जातो आणि जवळजवळ अख्खी एक रिंग हातची जाते. नळी उचलली जाते त्याचा परिणाम वेगळा, तो मी इथं धरलेला नाही.

वेग मोजायचा कसा?

क्रोनोग्राफ लागतो. क्लबातल्या कुणाकडे तरी असतोच, एका दिवसासाठी मागून आणा. उजेडावर चालणारा असेल तर ट्यूबलाइट किंवा एलईडीच्या खाली तो वेडेवाकडे आकडे दाखवतो, कारण ते दिवे आपल्याला दिसत नसले तरी लुकलुकत असतात. सकाळच्या सावलीत, घराच्या व्हरांड्यात मोजलं तर आकडे शहाण्यासारखे येतात. नळीवर अडकवायचा प्रकार असेल तर उजेडाची कटकट नाही.

मागं छर्रे अडवायची पेटी हवी, समोर कुणी येणार नाही अशी भिंत हवी, आणि शेजारच्या पोराला "बघ रे आकडा किती आला" म्हणून पुढं बोलवायचं नाही. छोटी चूक, पण मी ती होताना बघितली आहे.

पहिले पाच शॉट सोडून द्या. मग दहा शॉट, प्रत्येकाचा आकडा वहीत. फोनमध्ये नको, वहीतच. दोन वर्षांनी वही सापडते, फोन बदललेला असतो. आकड्यांशेजारी सिलिंडरचा दाब, खोलीचं तापमान आणि छऱ्यांच्या डबीवरचा बॅच नंबर लिहा.

आकडे आले. आता वाचायचे कसे?

१७०.४, १६९.८, १७०.९, १७०.१, १७०.६ अशी ओळ आली तर वही मिटा, रायफल पुसा आणि सरावाला लागा. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी यांच्यात दोन-तीन मीटरचं अंतर असेल तर यंत्राची तक्रार नाही.

थोडं थांबून पुन्हा मारायला घेतल्यावर पहिला आकडा १७६ आणि नंतर सगळे १७० च्या आसपास, तर रेग्युलेटर हळूहळू गळतोय. बाहेर नव्हे, आतल्या आत. त्याबद्दल खाली वेगळं लिहिलंय.

आकडे एकेक पायरी उतरत असतील, १७०, १६८, १६५, १६१ असे, तर आधी सिलिंडरचं गेज बघा. दहातल्या आठ वेळा सिलिंडरमधलाच दाब रेग्युलेटरच्या ठरलेल्या दाबाखाली गेलेला असतो. मग रेग्युलेटर बिचारा काय करणार? दोनशेच्या आसपास शॉट झाल्यावर भरायला हवा होता, तो भरला नाही, एवढंच.

आकडे वर-खाली कसेही उड्या मारत असतील तर सगळ्यात शेवटी रेग्युलेटरकडे बघा. आधी छर्रे, मग हॅमरच्या वाटेत साचलेली घाण आणि कुणीतरी प्रेमानं घातलेलं तेल. तेल थंडीत घट्ट होतं, हॅमर अडखळत जातो. डिसेंबरातल्या पहाटेच्या सरावाला वेग कमी आणि दुपारी बरोबर, अशी तक्रार आली की मी तेलाचीच चौकशी करतो.

बरं, स्क्रू फिरवायचाच आहे. कसा फिरवू?

आधी एक गोष्ट सांगतो. मुलीची जिल्ह्याची मॅच रविवारी होती आणि शनिवारी संध्याकाळी मला वाटलं, वेग जरा कमी आहे. क्रोनोग्राफ त्या दिवशी दुसऱ्याकडे होता. लेथवाल्या हाताला "जरासा" म्हणजे किती हे कळतं असा माझा समज. ॲलन की घातली, जरासा फिरवला, अजून जरासा फिरवला. खूण केली नव्हती, वेढे मोजले नव्हते. रविवारी तिचे शॉट चांगले अर्धी रिंग वर लागायला लागले, आणि त्यातही एकसारखे नाहीत. साइटिंगची, म्हणजे मॅचआधी साइट जुळवायला मिळणारी, पंधरा मिनिटं साइटचे क्लिक मोजण्यात गेली. परतताना तावडे हॉटेलच्या चौकापर्यंत ती एक शब्द बोलली नाही. चौकात म्हणाली, "बाबा, पुढच्या वेळी मला विचारून."

दुसऱ्या दिवशी तिनंच नेलपॉलिशची बाटली आणून दिली. तेव्हापासून कुठल्याही स्क्रूला हात लावण्याआधी स्क्रूवर आणि बॉडीवर मिळून एकच रेघ नेलपॉलिशनं ओढतो. वाळल्यावर कितीही फिरवा, मूळ जागा हरवत नाही.

आता रीत. मॅच जवळ नाही असा दिवस निवडा. सिलिंडर चांगला भरलेला ठेवा, १५० च्या खाली नको. एकाच डबीतले छर्रे घ्या. दहा शॉट मोजून आजची स्थिती लिहा. मग स्क्रू पाव वेढा आत, तीन शॉट न मोजता, पाच शॉट मोजून. पुन्हा पाव वेढा. वेग वाढत जाईल. काही रायफलींत एका ठिकाणी तो वाढायचा थांबतो. मसाई पठारावर चढताना दम लावणारा चढ संपतो आणि एकदम सपाटी लागते ना, तसं. त्यापुढं स्क्रू कितीही आत गेला तरी वेग तेवढाच, फक्त आवाज मोठा होतो आणि हवा वाया जाते, कारण कप्प्यात होती तेवढी हवा वापरून झालेली असते.

बसायची जागा पठारावर नाही, पठाराच्या काठाखाली आहे. सपाटीवरचा वेग १७४ असेल तर स्क्रू मागं घेत १७० च्या आसपास या. ही जागा चांगली का, तर इथं रायफल स्वतःच थोडं सांभाळून घेते. रेग्युलेटरनं कधी जरा जास्त दाब दिला तर त्याच दाबानं व्हॉल्व्ह उघडायला जड होतो, कमी वेळ उघडतो, आणि वेग फारसा वाढत नाही. दाब कमी पडला तर उलट. पठार १७५ च्या पलीकडे असेल तर तिथवर जाण्याची गरजच नाही. कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या वेगाजवळ थांबा.

एका वेळी एकच गोष्ट बदला. स्क्रूही फिरवला, छर्रेही बदलले, ओ-रिंगही घातली, आणि ग्रुप, म्हणजे एकत्र पडलेल्या भोकांचा झुबका, सुधारला तर कशानं सुधारला ते सांगता येत नाही. बिघडला तर त्याहून वाईट.

स्क्रू बदलल्यावर साइट पुन्हा लावावी लागते, हे विसरू नका. मी विसरलो होतो.

पहिला शॉट नेहमी वर जातो. मुलगा म्हणतो सवयीचा दोष, सर म्हणतात रायफलीचा.

दोघांचंही बरोबर असू शकतं. तपासायला सोपं आहे. रायफल कॉक करून, छर्रा न भरता, सुरक्षित दिशेला धरून दहा मिनिटं ठेवा. मग छर्रा भरून क्रोनोग्राफवर एक शॉट. लगेच आणखी पाच. पहिल्याचा वेग ठळक जास्त आला तर दोष रायफलीचा.

होतं असं की रेग्युलेटरचा बसका नीट बंद होत नाही. त्यावर केसाएवढा ओरखडा असतो किंवा हवेतून आलेला धुळीचा कण रुतलेला असतो. शॉट पटापट मारत असाल तर कळत नाही, पण थांबलात की सिलिंडरमधली हवा कप्प्यात मुंगीच्या पावलानं झिरपत राहते आणि दाब चढतो. मॅचमध्ये एखाद्या शॉटला मन लागत नाही म्हणून पोरगं रायफल खाली ठेवतं, पाणी पितं, दोन मिनिटांनी पुन्हा उचलतं आणि नेमका तोच शॉट वर. मग ते स्वतःला दोष देत बसतं. इलाज बसका आणि ओ-रिंग बदलण्याचा आहे आणि तो सर्व्हिसवाल्याकडेच करून घ्यायचा. तोवर एक तोडगा चालतो. जास्त वेळ थांबावं लागलं आणि साइटिंगची वेळ चालू असेल, तर पहिला शॉट साइटिंगमध्ये जाळून टाका. मॅच चालू असताना ही सोय नाही.

रात्री २०० भरला, सकाळी गेजवर १८८. गळतोय ना?

बहुतेक नाही. हवा भरताना तापते. सिलिंडर हाताला चांगला गरम लागला असेल तर आत ५० अंश धरा. सकाळी ३० अंशाला आला की तीच हवा १८८ च्या आसपासच दिसते. काही कुठं गेलेलं नाही. म्हणून हळू भरायचं, मधे थांबायचं, निवल्यावर वरचं भरायचं.

निवल्यानंतर दाब लिहून ठेवा आणि दोन दिवसांनी त्याच वेळी पुन्हा बघा. तेव्हाही उतरला असेल तर गळती. भांडी घासायच्या साबणाचा फेस बोटानं जोडावर लावा, बुडबुडा दिसेल तिथं ओ-रिंग गेलीय.

आणि गाडीत ठेवला तर?

एप्रिलात बंद गाडीत? नको. सकाळी २७ अंशाला २०० असलेला सिलिंडर ६० अंशाला २२२ होतो. फुटेल असं नाही, चाचणी त्याहून बऱ्याच वरच्या दाबाला केलेली असते, पण ओ-रिंगा आणि गेज यांचं आयुष्य असंच संपतं. बॅग बरोबर घेऊन उतरा. जेवायला थांबलात तर टेबलाखाली ठेवा. पांढरा रस्सा येईपर्यंत कुणी नेत नाही.

हातपंप, स्कूबाची (पाणबुड्यांची) टाकी की कंप्रेसर?

खिशाप्रमाणे. हातपंप स्वस्त, पण २०० पर्यंत नेताना शेवटचे पन्नास बार घाम काढतात. आणि घामापेक्षा पाण्याचा त्रास मोठा. जुलैत आपल्याकडची हवा किती ओली असते ते वाळत न घातलेल्या कपड्यांना विचारा. पाव लिटरला थोडा कमी, म्हणजे ०.२ लिटरचा सिलिंडर रिकाम्यापासून २०० बारला भरायचा तर बाहेरची ४० लिटर हवा आत कोंबावी लागते. पावसाळी हवेच्या घनमीटरमध्ये सुमारे २० ग्रॅम पाणी धरलं तर त्या ४० लिटरमध्ये पाऊण ग्रॅम पाणी आलं, म्हणजे पंधरा-सोळा थेंब. पंपाचा पाणी अडवायचा भाग चांगला असेल तर त्यातलं बरंचसं बाहेर पडतं. नसेल तर ते सिलिंडरात जातं, तिथून रेग्युलेटरात, आणि मग बसक्यावर पांढरट डाग. पाण्याचा दोष कळायला वर्ष लागतं, म्हणून कुणी पंपावर संशय घेत नाही.

दर पन्नास-साठ स्ट्रोकनंतर थांबा, पंपाचा निचरा सोडा, पंप निवू द्या. वाटेत सिलिका जेलची नळी जोडा, दाण्यांचा रंग बदलला की दाणे बदला. पाच-सहा नेमबाज मिळून एक स्कूबा टाकी ठेवली आणि ती चांगल्या कंप्रेसरवर भरून आणली तर सगळ्यात कोरडी हवा मिळते. माझं मत विचाराल तर हेच.

एक गोष्ट ओरडून सांगतो. ऑक्सिजनची टाकी कधीही जोडायची नाही. दवाखान्यात ओळख आहे, वेल्डिंगवाला मित्र आहे, असले विचारसुद्धा नकोत. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेला-ग्रीसचा एक थेंब यांची गाठ पडली की स्फोट होतो. नायट्रोजन, कार्बन डायऑक्साइड हेही नकोत, ज्या रायफलीला हवा सांगितलीय तिला हवाच.

सिलिंडरचे आटे गेलेत. उद्यमनगरात कापून मिळतील ना?

मिळतील, आणि काम सुरेख होईल, म्हणूनच भीती वाटते. इथं पंपाचा, इंजिनाचा कुठलाही पार्ट नमुना बघून हुबेहूब करून देणारे हात आहेत. मी त्यातलाच. पण २०० बार म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला २०० किलोहून जास्त रेटा. धातू कोणता, त्याला कशी उष्णता दिलीय, भिंत किती जाड ठेवायची, हे नमुन्याकडे बघून कळत नाही. आटे अर्ध्या दशांश मिलिमीटरनं सैल झाले तर ते पहिल्या दिवशी धरतात, शंभराव्या दिवशी सुटतात. आणि सुटतात तेव्हा सिलिंडर गालाजवळ असतो.

दस्त्याची प्लेट, साइटचा उंचवटा, वजनं, रायफल ठेवायचा स्टँड हे सगळं खुशाल लेथवर करून घ्या. दाब ज्यात राहतो त्याला लेथ लावायची नाही.

सिलिंडरला मुदत असते म्हणतात.

असते. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांत जास्तीत जास्त १० वर्षं धरली आहेत, आणि सिलिंडर मुदतीत आहे की नाही ते बघायची जबाबदारी नेमबाजाची. तारीख सिलिंडरवरच कोरलेली असते. जुनी रायफल विकत घेताना आधी ती तारीख वाचा, मग दस्त्याचं लाकूड बघा. भरायचा दाबही तिथंच असतो. बहुतेक २०० बारचे, काही मेकचे ३०० चे. दुसऱ्याचा ३०० चा आहे म्हणून आपला २०० चा तेवढा भरायचा नसतो, हे सांगावं लागतं याचं वाईट वाटतं.

कोणतं तेल घालू?

घालू नका. ओ-रिंगेला सिलिकॉन ग्रीसचा बोटाला लागेल-न-लागेल इतका हात. शिलाई मशीनचं तेल, इंजिनऑइल, खोबरेल, काहीही नाही. खोबरेल घातलेली रायफल खरंच आली होती. वास छान होता.

छऱ्यांनी एवढा फरक पडतो?

स्क्रूपेक्षा जास्त. चपट्या तोंडाचे मॅच छर्रे ४.५ मिलिमीटरचे म्हणतात, पण त्यात ४.४९, ४.५० आणि ४.५१ अशी डोक्याची मापं मिळतात. प्रत्येक नळीला त्यातलं एक आवडतं आणि का ते नळीलाच माहीत. रायफल क्लॅम्पमध्ये घट्ट बसवून प्रत्येक मापाचे दहा-दहा छर्रे एकाच कागदावर एका जागी मारा. भोक गोल आणि लहान ज्याचं, तो बॅच. जमलं तर त्याच बॅचच्या वर्षभर पुरतील इतक्या डब्या एकदम घ्या. डबी पडली असेल तर ती सरावाला, मॅचला नाही. शिशाचा छर्रा नखानंही चेपतो.

छर्रे हाताळल्यावर साबणानं हात धुवायचे आणि मगच भडंग.

लायसन्स लागतं का?

२०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअरगनला परवाना लागत नाही. मॅच रायफल साडेसात ज्यूलची, म्हणजे खूप आत. स्पर्धेला मात्र असोसिएशनचं सभासदत्व लागतं.

आजोबा फौजेत होते. ते म्हणतात, "आमच्या एसएलआरला गॅस कमी-जास्त करता यायचा." ते हेच का? आणि शिकारीच्या सेमी-ऑटोमॅटिक रायफलींना पण तसंच असतं म्हणे.

सैनिक टाकळीकडचे आजोबा असणार. त्यांचं बरोबर आहे, पण एसएलआर, म्हणजे फौजेची सेल्फ-लोडिंग रायफल, हे यंत्र वेगळं. तिथं बारुद जळून जो वायू होतो, त्यातला थोडा नळीतल्या एका बारीक छिद्रातून बाहेर काढून पिस्टनवर सोडतात. पिस्टन मागं जाऊन रिकामी पुंगळी बाहेर टाकतो आणि येताना नवी गोळी भरतो. तो गॅस गोळीचा वेग ठरवत नाही, गोळी तर केव्हाच पुढं गेलेली असते. तो फक्त पुढच्या फेरीची तयारी करतो. आपल्याकडे हवा छऱ्यालाच ढकलते. नाव एक, काम दोन.

गॅस कमी पडला तर पुंगळी अडकते. जास्त झाला तर सुटे भाग ठोकरत मागं येतात, धक्का वाढतो, पुंगळ्या दूर उडतात आणि रायफल लवकर झिजते. एसएलआरमध्ये जादा गॅस बाहेर सोडायची फट कमी-जास्त करता येते. फट पूर्ण उघडून सुरुवात करायची. मॅगझिनमध्ये एकच गोळी. झाडल्यावर बोल्ट (गोळीमागचा सरकता भाग) मागं अडकून राहिला नाही, तर फट एक खाच बंद करायची, पुन्हा एक गोळी. बोल्ट मागं राहायला लागला की आणखी दोन खाचा बंद करायच्या, म्हणजे घाण आणि थंडीसाठी पदरात थोडं राहतं. शिकारी सेमी-ऑटोमॅटिकमधला गॅसचा स्क्रू याच विचारानं लावतात. कमीपासून सुरुवात, जेमतेम चालेल तिथवर, मग थोडं वर. आजोबांना विचारा, बोटांना अजून आठवत असेल.

बाकी तो प्रश्न आपल्याकडे कागदावरचाच. शिकारीला १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं बंदी आहे आणि सेमी-ऑटोमॅटिक रायफली निर्बंधित वर्गात मोडतात. आपल्या राजांचं शिकारीचं जंगल, दाजीपूर, १९५८ साली अभयारण्य झालं. आता तिथं गव्यावर रोखायचा तर कॅमेरा.

स्वप्नील कुसाळेची रायफल पण अशीच ट्यून करतात?

नाही. कांबळवाडीच्या स्वप्नीलनं १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकला कांस्य घेतलं ते ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये, म्हणजे गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून. त्या रायफलीत .२२ ची (इंचाच्या मापाची) खरी गोळी असते, सिलिंडर नसतो, रेग्युलेटर नसतो. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेती झाली ती ५० मीटर प्रोनमध्ये (पालथं झोपून), तीही .२२ च. राही सरनोबतचं २०१८ चं आशियाई सुवर्ण तर २५ मीटर पिस्तुलाचं. .२२ वाले स्क्रूऐवजी गोळ्यांचे बॅच तपासतात, आपण छऱ्यांचे तपासतो तसेच, फक्त जास्त खर्च करून.

रायफल उघडण्याआधी काय काळजी घ्यायची?

सिलिंडर काढला म्हणजे रायफल रिकामी झाली असं समजू नका. रेग्युलेटरच्या कप्प्यात हवा उरलेली असते आणि सिलिंडरशिवायही एक-दोन शॉट सुटतात. छर्रा नाही याची खात्री करून, सुरक्षित दिशेला धरून, आवाज यायचा बंद होईपर्यंत ट्रिगर दाबा. मग पाना.

मार्क अडकलेत. रायफल बदलू का?

आधी क्लॅम्पमध्ये बसवून दहा शॉट मारा. भोक छऱ्यापेक्षा थोडंच मोठं पडलं तर रायफल निर्दोष आहे, आणि पैसे वाचवल्याबद्दल मला काही देऊ नका. माझ्याकडे येणाऱ्या बॅगांपैकी बहुतेक अशाच परत जातात. पालकांचा चेहरा पडतो, कारण रायफलीचा दोष असता तर तो विकत घेऊन दूर करता आला असता.

तुमच्याकडे कधी आणू?

रविवारी, नऊच्या आत. सिलिंडर भरून आणा आणि निवल्यावरचा दाब चिठ्ठीवर लिहून आणा. नेहमी वापरता ती छऱ्यांची डबी बरोबर, नवी नको, अर्धी संपलेलीच. येण्याआधी नळी साफ करू नका, घाणीतही बरंच कळतं. आणि जी चालवते किंवा चालवतो त्या पोराला आणा. नुसते बाबा आणि रायफल आले तर मी फक्त चहा देतो.